घरातलं काही हलवू नका

हॉस्पिटलमध्ये बाबा आमच्याशी शेवटचं धड बोलले ते एवढंच: "घरातलं काही हलवू नका."

"नाही हलवत, तुम्ही पडून राहा," मी म्हणाले. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाला, "बघितलंस? इथेसुद्धा यांना खुर्च्यांचीच काळजी!" त्याला रडू येत होतं म्हणून तो असं बोलला, हे मला कळत होतं. तरी मी त्याच्यावर खेकसले. मी खेकसतेच. माझी लाँड्री आहे. लाँड्रीवाली बाई गरीब गाय असली, तर लोक दुसऱ्याचे शर्ट घालून निघून जातील.

खुर्च्यांचं प्रकरण तसं जुनं होतं. आमच्या घरात कुठलीही वस्तू तसूभर सरकलेली बाबांना चालायची नाही. जेवून उठल्यावर खुर्ची टेबलाखाली गेलीच पाहिजे. कपाटाचं दार अर्धवट उघडं राहिलं, की बाबा जेवणावरून उठून ते लावून यायचे. आणि टेबल, कपाट, पलंग, जिथे हात पोचेल तिथले सगळे कोपरे त्यांनी पॉलिश पेपरने घासून गोल करून टाकले होते. पूर्वी आम्ही मस्ती करून आपटायचो म्हणून केले असतील, असं मला वाटायचं. पण आमची लग्नं होऊन पोरंबाळं झाली तरी त्यांचे कोपरे घासणं चालूच.

आणि दुसरं म्हणजे बोलणं. बाप रे, काय ते बोलणं! दारातूनच सुरुवात. "मी आलो हं. छत्री दारामागे टांगतोय. आता खुर्चीत बसतोय. हुश्श. तू बस, चहा मी करतो. हा उठलो बघ." चहा आणला की, "कप तुझ्या उजव्या हाताशी ठेवलाय. कान तुझ्याकडे आहे. काठोकाठ भरलाय, जपून." आम्ही भेटायला गेलो तरी तेच. "ताई आली बघ, निळी साडी नेसलीये, दमलेली दिसतेय. धाकट्याचे केस आणखी विरळ झाले." धाकट्यानं त्यांचं नाव 'कॉमेंट्री' ठेवलं होतं. आई मध्येच वैतागून ओरडायची, "कळलं हो, कळलं! किती बोलाल!" तरी त्यांचं चालूच.

एकदा माझंच डोकं फिरलं. म्हटलं, "बाबा, आईला डोळे आहेत ना? कप कुठे ठेवलाय ते दिसतं तिला!" त्यावर दोघंही हसली. आई तर जरा जास्तच हसली.

बाबा जिने बनवायचे. लाकडी जिने, कठड्यांसकट. कारखान्यात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे, 'जिनेवाले' म्हणायचे. आमच्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो, खाली एक मावशी. म्हणायला मावशी, नात्यातल्या नव्हेत. घरमालकाचा जुना जिना कुजला होता तो पाडून बाबांनी स्वतःच्या हातानं नवा बांधला होता. मी लहान असताना त्या पायऱ्यांवर बसून त्यांचं काम बघायचे. ते प्रत्येक पायरीची उंची पुन्हा पुन्हा मोजायचे. मी कंटाळून विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "माणूस पहिल्या दोन पायऱ्या बघून चढतो. पुढच्या पायऱ्या तो बघतच नाही, पाय आपले आपण चढतात. त्यातली एक जरी नखभर उंच झाली, की माणूस तोंडावर पडलाच म्हणून समज." तेव्हा ते मला पटलं नव्हतं. मी मुद्दाम डोळे मिटून चढून पाहिलं आणि वरपर्यंत पोचले.

हॉस्पिटलमधून बाबा परत आलेच नाहीत. सगळं उरकल्यावर मी आईला माझ्याकडे घेऊन आले.

माझ्याकडे ती एका खुर्चीत बसून राहायची. बाथरूमला जायचं तरी, "चल गं माझ्याबरोबर, एकटीला नको वाटतं." पाण्याचा पेला तिच्या हातून दोनदा सांडला. पोरांनी टीव्ही लावला की तोंड दुसरीकडे. माझा नवरा म्हणाला, "त्यांना धक्का बसलाय, वेळ जाऊ दे." मलाही तेच वाटलं. अख्खा जन्म ज्या माणसाच्या दंडाला धरून चालली, तो माणूस गेल्यावर बाईचं काय होणार? ही दोघं बाहेर पडली की कायम हातात हात. आम्ही चिडवायचो, म्हातारचळ लागलाय म्हणून. आई एकच धोशा लावून बसली होती, "मला माझ्या घरी सोड."

"सोडते गं. एकटी राहणार का तू तिथे?"

"हो."

"आणि जेवणखाण?"

"करेन."

धाकट्याचा मात्र वेगळाच बेत होता. तो दुसऱ्या शहरात राहतो, मोठं घर आहे, बायको भली आहे. आईला कायमची तिकडे न्यायचं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. त्याआधी एका रविवारी बाबांच्या घरी जमायचं, चार ओळखीची माणसं बोलवायची, बाबांच्या आठवणी काढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आईला गाडीत बसवून न्यायचं. आईला यातलं रविवारचंच सांगितलं होतं. "दोन शब्द तू बोल," त्यानं मला फर्मावलं. "मला नाही जमायचं." का? तर मी मोठी. कठीण काम आलं, की त्याला हमखास माझं मोठेपण आठवतं.

शनिवारी आम्ही दोघं घर आवरायला गेलो. बसायला जागा हवी म्हणून जेवणाचं टेबल ओढून भिंतीला लावलं, कपाट कोपऱ्यात सरकवलं. बाबांची खुर्ची आतल्या खोलीत नेली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. आईची खुर्ची खिडकीशी, उजेडात ठेवली. मधल्या मोकळ्या जागेत मी जाडजूड नवा गालिचा अंथरला. आईला गुडघ्यांचा त्रास, लाकडी जमीन थंड पडते, म्हणून किती दिवस माझ्या मनात होता तो. स्वयंपाकघरातले डबे काढून पुसले आणि मोठ्यामागे लहान असे ओळीनं लावले. मला तर ते घर दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

टेबल सरकवलं तेव्हा त्याच्या पायांच्या जागी जमिनीत एकेक पितळी खिळा दिसला. चपट्या डोक्याचे, जमिनीच्या जेमतेम वर आलेले. खुर्च्यांखालीही तेच. कपाटापाशीही तेच. "हे काय आणि?" धाकटा म्हणाला. "आईच्या पायात जातील." त्यानं बाबांच्या पेटीतली पक्कड काढली, गुडघ्यावर बसून सगळे खिळे उपटले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी त्याला उजेड दाखवत होते.

त्याच दुपारी पॉलिशवाले काका विचारायला आले, उद्या किती वाजता यायचं म्हणून. बाबांनी घडवलेल्या जिन्यांना पॉलिश मारण्यात या माणसाची हयात गेलेली. मी सहज म्हटलं, "काका, तुम्हीच बोला ना उद्या दोन शब्द. कारखान्यात तर बाबांनी तुमचे कान किटवले असतील."

"जिनेवाल्यांनी?" काका माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, काय बोलतेस! तो माणूस सकाळी 'चला' म्हणायचा आणि संध्याकाळी 'निघतो' म्हणायचा. मधे काही नाही. तोंडात खिळे धरून काम करणारा माणूस, बोलणार कुठून?"

"आमचे बाबा?"

"तुझेच. आणखी कोण!"

काका गेल्यावर धाकटा म्हणाला, वय झालंय काकांचं, विसरतात. मी मान डोलावली, पण ते काही माझ्या डोक्यातून जाईना. लहानपणी तर बाबा ओव्हरटाइम करून आम्ही झोपल्यावर घरी यायचे; तेव्हा ते किती बोलायचे, मला आठवेना.

रविवारी सकाळी मी आईला घेऊन आले. रिक्षातून उतरल्यावर जिन्यापर्यंत तिनं माझा दंड घट्ट धरला होता. कठड्याला हात लागला मात्र, आणि तिनं मला सोडलं. टकाटका चढून गेली. मी पिशव्या घेऊन धापा टाकत मागे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या अंगात जीव आलेला दिसला, मला बरं वाटलं. धाकटा आधीच येऊन आत आवरत होता, दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं, चपला डाव्या अंगाला काढल्या आणि ताठ मानेनं आत गेली.

तीनचार पावलं गेली असेल. गालिच्यावर पाय पडला आणि ती थबकली. पाय मागे घेतला. मग उजवा हात पुढे केला, कमरेएवढ्या उंचीवर, जिथे टेबल असायचं तिथे. हात हवेतच राहिला. डावीकडे वळून बाबांची खुर्ची चाचपायला गेली, तिथेही काही नाही. मग तिला दार कुठल्या बाजूला राहिलं तेही उमगेना. भर सकाळी, लखलखीत उजेडात, माझी आई स्वतःच्या घराच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी होती.

"ही कुणाची खोली आहे?" ती म्हणाली.

"आई, अगं, आपलीच..."

"घर कुठे नेलंत माझं?" तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला तो ओळखूच येईना. "बोला ना कुणीतरी! आहात का तुम्ही इथे?"

मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. समोर. तिच्या डोळ्यांसमोर.

मग एकेक सगळं माझ्या अंगावर येत गेलं. कप उजव्या हाताशी. कान तुझ्याकडे. ताई आली, निळी साडी नेसलीये. मी धावत जाऊन तिला धरलं. धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

तिला बसवून कपातून पाणी दिलं. कप हातात दिला, तोही चुकीच्या बाजूनं. धाप कमी झाल्यावर ती सावरली, तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता कळलंच आहे तर ऐका. डोळ्याच्या मागचा पडदा सुकत गेला. बरीच वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो, सावली हललेली कळते. तुम्ही दोघं दरवर्षी डोळे तपासून घ्या म्हणून बाबा तुमच्या मागे लागायचे ना? ते काय उगीच?"

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस!" मी ओरडले. ओरडायला नको होतं, पण मला आवरलं नाही. "आम्ही काय परके?"

"मीच शपथ घातली होती त्यांना." तिनं कप चाचपत खाली ठेवला. "माझ्या आईचे डोळे गेले तेव्हा आम्ही भावंडांनी तिला वाटून घेतली. थोडे दिवस याच्याकडे, थोडे दिवस त्याच्याकडे. सगळ्यांनी जीव लावला, कुणी कमी केलं नाही. पण दर वेळी घर नवं, दार नवं, मोरी नवी. प्रत्येक घरात ती बिचारी पुन्हा नव्यानं आंधळी व्हायची. शेवटी खाटेवरून उठायचंच सोडलं तिनं. मी ह्यांना म्हटलं, माझं तसं करू नका. पोरांना कळलं तर ती मायेपोटी मला इथून हलवतील. ते म्हणाले, नाही हलू देत. बस."

"त्यांनी कारखान्यातली ओव्हरटाइमची कामं सोडली ती...?" धाकट्यानं विचारलं.

"त्याच साली. आणि जन्मभराचा मुका माणूस बोलायला लागला." आई हसली. "पहिल्यांदा त्यांना इतकं अवघड जायचं! 'मी... आलो', असं म्हणायचे, अगदी पाहुण्यासारखे. मग सवय झाली. तुमच्यादेखत मी मुद्दाम खेकसायचे, तुम्हाला संशय नको म्हणून. त्यांना ते फार आवडायचं."

मला बाबांचा इतका राग आला, आणि ते इतके हवेहवेसे वाटले, की मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. आमच्यासमोर ते बिनदिक्कत तिचे डोळे झाले होते आणि आम्ही त्यांची टिंगल करत होतो. आणि ते चिडवून घेत होते!

धाकटा मात्र वेगळंच बोलला. "आई, मग तर विषयच संपला. उद्या तू माझ्याकडे येतेस. मी तसंही ठरवलं होतं. इथे एकटी, न दिसता, वरच्या मजल्यावर? जिन्यावरून पडलीस म्हणजे?"

आई उठली. दार कुठे आहे ते मला विचारून घेतलं, दाराबाहेर गेली आणि कठड्याला हातसुद्धा न लावता सरळ जिना उतरायला लागली. धाकटा मागे धावला, मी त्याचा शर्ट धरून ठेवला. ती खाली पोचली, वळली आणि तशीच वर आली. श्वासही लागला नव्हता.

"हा जिना तुझ्या बापानं बांधलाय," ती म्हणाली. "याच्यावरून मी पडायची नाही. पडलेच तर तुम्ही अंथरलेल्या या सतरंजीवर पडेन."

"गालिचा आहे तो," मी म्हणाले.

"असेल. गुंडाळ तो आधी."

त्यावर धाकटा हसला नाही. हट्टाला तोही आईवरच गेलाय. शेवटी आईच म्हणाली, "हे बघ. आज लोक येतील. त्यातल्या एकाला जरी कळलं, की हिला दिसत नाही, तर उद्या मी मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसते. नाही कळलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मंजूर?"

"मंजूर," तो म्हणाला. त्याला खात्री होती.

तोवर घर पूर्ववत करायचं होतं. मी गालिचा गुंडाळून गच्चीत नेऊन टाकला. पण टेबल नेमकं कुठे होतं? आम्ही त्याच घरात वाढलो, आणि आम्हा दोघांना सांगता येईना. "थोडं इकडे होतं." "छे, खिडकीकडे होतं." आई मधे उभी राहून हात पुढे करायची आणि म्हणायची, "नाही. अजून लांब आहे." मग मला जमिनीतली भोकं दिसली. खिळे उपटले होते, पण त्यांची भोकं राहिली होती. आम्ही गुडघ्यावर बसून टेबलाचा एकेक पाय एकेका भोकावर आणला. मग खुर्च्या. मग कपाट. आई मागोमाग हात लावत होती आणि नुसतं "हं" म्हणत होती. डबे तिनं स्वतः लावले, वास घेऊन आणि हलवून. आम्ही दोघं घामाघूम झालो आणि लोक यायची वेळ झाली.

खालच्या मावशी आल्या, कारखान्यातली माणसं आली, पॉलिशवाले काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. आई तिच्या खुर्चीत बसली होती. पायांच्या आवाजावरून, खोकण्यावरून तिला माणसं कळत होती. "या, बसा. गुडघा कसा आहे?" असं तिनं काकांना विचारलं तेव्हा मी धाकट्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. मी कुणाच्या बाजूची होते? खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, एकदाचं कुणाला तरी कळू दे. म्हणजे ठरवायचं ओझं माझ्या डोक्यावर येणार नाही.

बाबांच्या गोष्टी निघाल्या. कुणी म्हणालं, एका जिन्याची पायरी जरा चुकली म्हणून त्यांनी अख्खा जिना खोलून पुन्हा जोडला होता. कुणी म्हणालं, डबा खाऊन झाला की बाकीचे पत्ते खेळायचे आणि हे मात्र डोळे मिटून कारखान्यात फिरायचे, हातानं चाचपत. सगळ्यांना वाटायचं, सटकलंय. आईनं मान खाली घातली. मला दिसलं, की हे तिलाही माहीत नव्हतं.

मग ती उठली. "मी चहा आणते."

"तू बस, मी..." मी म्हणाले, पण ती निघालीसुद्धा. टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवत स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कपांचा ट्रे घेऊन ती दारात दिसली. ट्रे धरल्यामुळे आता दोन्ही हात अडकलेले.

आणि नेमकं तेव्हाच पॉलिशवाल्या काकांनी ऐकू यावं म्हणून आपली खुर्ची पुढे ओढली आणि पाय लांब केले. बरोबर तिच्या वाटेत.

ती येत होती. ताठ, सरावानं. कपांमधून वाफ निघत होती. धाकट्यानं पाहिलं. मी पाहिलं. काकांना पत्ताच नाही, ते मान वळवून कुणाशी तरी बोलत होते. धाकटा भिंतीपासून सुटला, पण तो पार खोलीच्या पलीकडच्या टोकाला होता.

"आई!" माझ्या तोंडून निघालं. इतक्या मोठ्यानं, की सगळ्यांनी वळून पाहिलं. "आई, पॉलिशवाले काका खुर्ची पुढे घेऊन बसलेत हं! पाय तर असे पसरलेत, जसं काही घर यांच्या तीर्थरूपांचं! डावीकडून ये. हां. आता समोर टेबल, ट्रे ठेव. बरोबर काकांच्या पुढ्यातच ठेवलास बघ. मावशी उजव्या बाजूला बसल्यात, त्यांना बिनसाखरेचा. आणि मी इथे, तुझ्या मागे उभी आहे."

मग खालच्या मावशी खदखदून हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "अगं बाई! पोरगी अगदी बापावर गेली. खालपर्यंत ऐकू यायचं मला त्यांचं, दिवसभर असंच!"

"जिनेवाले बोलायचे?" काकांनी पाय मागे घेत विचारलं. "एवढं?"

"घरी बोलायचे," आई म्हणाली. ट्रे ठेवून ती सरळ झाली. "माझ्याशी बोलायचे."

कुणाला काही कळलं नाही.

नंतर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. रात्रभर जुळवलेलं सगळं विसरले. म्हणाले, "आमचे बाबा घरी फार बोलायचे. आम्हाला वाटायचं, उगीच बोलतात." पुढे मला बोलता येईना. मी तशीच खाली बसले, आणि लोकांना ते पुरेसं वाटलं असावं.

सगळे गेले. मी कप विसळायला घेतले, आई पुसून जागेवर ठेवत होती. मी तिला सांगून टाकलं, की लाँड्री उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर मी रोज येणार, आणि मावशींना विश्वासात घेणार, ते तुला चालणार नसेल तर माझ्याशी गाठ आहे. ती म्हणाली, "मावशींना माहीत आहे असं वाटतं मला. त्या कधीच आपल्या जिन्यात काही ठेवत नाहीत." धाकटा बाहेरच्या खोलीत होता. त्याचा आवाज नव्हता. मला वाटलं, रुसून बॅग भरत असेल.

मग ठोकल्याचा आवाज आला.

आई थबकली. "काय करतोयस रे?"

मी दारातून डोकावले. कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा पडला होता. धाकटा गुडघ्यावर बसला होता, ओठांत पितळी खिळे, हातात बाबांची हातोडी. टेबल किंचित उचलून एकेक खिळा जुन्या भोकात बसवत होता. नाक लाल झालं होतं. आई फडकं हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्यानं ओठांतले खिळे तळहातावर काढले, घसा खाकरला.

"आई, मी आहे हं," तो म्हणाला. "खिळे ठोकतोय. टेबलाचे दोन पाय झाले. आता... आता खिडकीकडचा घेतोय. पक्कड इथे जमिनीवर पडलीये, तू अजून पुढे येऊ नकोस."

"कळलं रे, कळलं," आई म्हणाली. "किती बोल..."

तिला पुढचं म्हणता आलं नाही. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती, ती आता रडायला लागली, फडक्यात तोंड खुपसून. मी तिला धरलं. धाकटा खाली मान घालून ठोकतच राहिला.

"टेबल झालं," तो म्हणाला. "आता बाबांची खुर्ची. मग तुझी."